भोक क्रमांक अकरा

पडद्यावर कमळमावशी सोलकढीचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ओवी मयेकर खुर्चीतून अर्धी उठलीच.

"अरे, मेली होती ना ती!" ती मोठ्यानं म्हणाली. "पहिल्या भागात! आपण सगळे रडलो होतो!"

थिएटरभर हशा पिकला. कोणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, लिहून घ्या, एक नंबर!" ओवीनं मांडीवरच्या वहीत अंधारात चाचपडत एक आकडा लिहिला. ती एवढी खुशीत होती की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

फेब्रुवारी २०४२ मधला तो शुक्रवार. रत्नागिरीत सकाळी नऊचा पहिला खेळ आणि एकही खुर्ची रिकामी नाही. सहा वर्षांपूर्वी आलेल्या 'सातवी भरती'नं अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं होतं. भविष्यातले दर्यावर्दी दर सातव्या भरतीला कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, उतरतात अशी ती गोष्ट. आता तिचा दुसरा भाग आला होता, 'आठवी भरती'.

ओवी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. सुट्टीच्या वेळात 'चाळण' नावाची वाहिनी चालवायची. नवा सिनेमा आला की ती तो चाळून काढायची आणि त्यातल्या कथेची भोकं लोकांना दाखवायची. चार लाख माणसं तिच्या भोकांची वाट बघत असत. आजची भोकं मात्र तिच्यासाठी वेगळी होती. 'सातवी भरती' तिनं आणि इंद्रनील शिवलकरनं मिळून लिहिली होती. दोघं शाळेपासूनचे मित्र. दुसऱ्या भागाच्या वेळी दोघांचं वाजलं. ओवी म्हणाली होती, "यंत्राच्या भरवशावर गोष्ट लिहायला बसलास, तर मी नाही." इंद्रनील म्हणाला होता, "मग नको." त्याला तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द नाही.

खेळ सुटला तेव्हा तिच्या वहीत सतरा भोकं होती. थिएटरच्या पायऱ्यांवरच तिनं कॅमेरा सुरू केला. भोवती शंभरेक माणसं जमली.

"भोक क्रमांक चार! पहिल्या भागात समुद्राचं पाणी लागलं की भविष्यातून आलेल्या पाहुण्याची कातडी भाजायची. आता साहेब जेटीवरून उडी मारून दीपगृहापर्यंत पोहत जातात! भोक क्रमांक सात! देवळामागची विहीर बुजवली होती. आपल्या डोळ्यांदेखत बुजवली! आता नायिका तिच्यातच लपते!"

लोक टाळ्या वाजवत होते. ओवीचा आवाज चढत गेला.

"आणि भोक क्रमांक अकरा, माझं लाडकं! तो लोखंडी खेकडा सड्यावरून चालतो. सडा कसला? जांभ्याचा. ज्याच्या चिऱ्यांवर अख्ख्या कोकणातली घरं उभी आहेत तो दगड. आणि खेकड्याच्या पायांचा आवाज कसा येतो? धम्म! धम्म! कोणी पाण्याच्या रिकाम्या टाकीवर चालावं तसा. खुर्चीची पाठसुद्धा थरथरते! पहिल्या भागात ह्याच जागी टक-टक वाजत होतं. इंद्रनील शिवलकर, दगड बदललास की कान?"

दुपारपर्यंत ते चित्रण नऊ लाख लोकांनी पाहिलं होतं.

*

आता ह्या सिनेमांची रीत सांगायला हवी, कारण दहा वर्षांपूर्वी ती नव्हती.

'आठवी भरती'च्या चमूनं सड्यावर एकही प्रसंग चित्रित केला नव्हता. त्यांनी सडा मोजला होता. ड्रोनमधून लेझर सोडून त्याचा उंचसखलपणा टिपला, उपग्रहांची रडारचित्रं घेतली आणि आवाजासाठी चार किलोमीटर लांब काचेचा धागा कातळाच्या भेगांतून अंथरला. टेलिफोनच्या तारांत असतो तसाच, केसाएवढा. ह्या धाग्यात सेकंदाला हजार वेळा प्रकाशाचा ठिपका सोडतात. धाग्याच्या प्रत्येक बिंदूपाशी त्या प्रकाशाचा किंचित अंश परत फिरतो. जमीन थरथरली की धागा ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे एक धागा अंथरला की जमिनीला हजारो कान लावल्यासारखं होतं. कड्यावर आपटणाऱ्या लाटा, चरणारी गुरं, दूरच्या रस्त्यावरचा मालट्रक ही सगळी थरथर तो दोन महिने ऐकत होता.

ही सगळी मोजमापं 'धरित्री' नावाच्या यंत्रणेला दिली जात. सगळ्या मोजमापांना एकाच वेळी पटेल असं एक जग ती रचायची. नट स्टुडिओत काम करत आणि धरित्री त्यांना त्या जगात उतरवायची. सावली, धूळ, वारा, पावलांचा आवाज हे सगळं ती त्या जगाच्या नियमांनी करायची. माणसानं लिहिलेल्या गोष्टीत काय खरं, काय खोटं, ह्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मेलेली मावशी परत आणलीत तर धरित्री तिची सावली बिनचूक पाडून द्यायची.

आणि सिनेमा असा जगाच्या रूपात साठवलेला असल्यामुळे तो बदलताही यायचा. सकाळच्या खेळात सापडलेलं भोक संध्याकाळच्या खेळापर्यंत बुजलेलं असायचं. प्रेक्षक मुद्दाम दोनदा जायचे, भोक बुजलं का ते बघायला.

ओवीही गेली, सहाच्या खेळाला.

सोळा भोकं खरंच बुजली होती. पाहुणा आता होडीतून दीपगृहाकडे गेला. नायिका विहिरीऐवजी गोठ्यात लपली. कमळमावशी तर सिनेमात उरलीच नव्हती. सोलकढीचा पेला नुसताच ओट्यावर ठेवलेला होता. ओवीला आपला विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघताना तिला जरा चुकल्यासारखं झालं.

मग खेकडा आला. टक, टक, टक. आवाज घट्ट, दगडी. "बुजवलं!" शेजारचा माणूस म्हणाला. ओवी मागे टेकली. पुढच्याच प्रसंगात नायिकेची पाण्याची बाटली सड्यावर कलंडली. सकाळी ते पाणी कातळाच्या उतारावरून सरळ वाहत गेलं होतं. आता ते वाहता वाहता वळलं आणि करवंदीच्या एका जाळीखाली, पातळ भेगेत, नाहीसं झालं.

ओवी ताठ बसली. आवाज दाबला तर पाणी बदललं होतं. पाण्याला कोणी हात लावला असेल असं तिला वाटेना, कारण पाण्यात बुजवण्यासारखं भोक नव्हतंच.

ती बाहेर आली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं इंद्रनीलला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. "अठरावं सापडलं का?"

"इंद्रा, अकरावं भोक."

"बुजत नाहीये," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला ताठा गेला होता. "पाच वेळा बुजवलं. पायांचा आवाज घट्ट केला की पाणी भेगेत जातं. पाणी सरळ केलं की रात्रीच्या प्रसंगात दव वेगळं पडतं, एका लांबट पट्ट्यात. फुगलेली गादी आहे. इथं दाबली की तिथं वर येते."

"तू दाबू नकोस मग," ओवी म्हणाली. "मूळ आवाज मला दाखव. उद्या सकाळी येते."

*

शनिवारी सकाळी आठ वाजता ती त्याच्या कामाच्या खोलीत होती. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. दोघंही पडद्यासमोर बसली.

खेकड्याची मूळ चाल त्यांनी पावलागणिक कापली. एकंदर एकतीस पावलं. प्रत्येक पावलामागे एक अगदी खालचा सूर होता, इतका खालचा की कानापेक्षा छातीला कळावा. ओवीनं एकेका सुराची कंपनं मोजायला घेतली आणि आकडे मांडत गेली. सड्याच्या कडेला सूर जवळजवळ नव्हताच. मग सेकंदाला वीस कंपनं, अठरा, चौदा. मध्यावर दहा. आणि पुढे पुन्हा चौदा, अठरा, वीस.

"पखवाज," ओवी म्हणाली.

"काय?"

"अरे, कातडं आहे हे! मध्ये ढिलं, कडेला ताठ. इंद्रा, भरलेला हंडा आणि रिकामा हंडा वाजवून बघितलायस ना कधी? तुझी धरित्री चुकलेली नाही. दोन महिने तिनं लाटांचे हादरे ऐकले. घट्ट दगडातून ते जसे जायला हवेत तसे जात नव्हते. तिला सगळी मोजमापं जुळवायची होती, म्हणून तिनं दगडाखाली पोकळी रचली. सिनेमासाठी नाही. खरोखर तिथं आहे म्हणून!"

इंद्रनीलनं सुरांचे आकडे पुन्हा चाळले. "सड्याच्या पोटात गुहा?"

"गुहाच. दाखव ना तिचं जग, जमिनीखालचं!"

जमिनीखालचं कधी कोणी पाहिलंच नव्हतं, कारण सिनेमात ते दिसत नाही. इंद्रनीलनं कातळाचा थर बाजूला सारला आणि पडद्यावर एक लांबट काळी जागा उघडी पडली. साठ मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद. ओवीनं टेबलावर दोन्ही हात आपटले आणि ती खोलीभर फिरून आली.

"कुणाला माहीत नाही, इंद्रा! आत्ता ह्या क्षणी जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे!"

तो हसला नाही. त्यानं छताच्या जाडीवर बोट ठेवलं होतं. मध्यावर जेमतेम चार मीटर. मग त्यानं दुसरा नकाशा उघडला आणि पहिल्यावर ठेवला. तो उद्याचा नकाशा होता. रविवारी संध्याकाळी, गोष्ट जिथं घडते त्याच सड्यावर, मोकळ्या आभाळाखाली 'आठवी भरती'चा मोठा खेळ होता. सहा हजार माणसं. खुर्च्यांच्या पुढच्या वीस रांगा आणि पडदा उभारायची क्रेन, दोन्ही नेमकी त्या काळ्या जागेवर आली होती.

"क्रेन आज दुपारी वर चढतेय," इंद्रनील म्हणाला.

*

सडा खारदेवणे गावाच्या माथ्यावर होता, रत्नागिरीपासून सव्वा तासावर. गाडी इंद्रनील चालवत होता. मागच्या सीटवर डॉ. फिरोज मुकादम होते, ओवीच्याच महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणारे, मांडीवर दोराचं वेटोळं आणि दिवा लावलेला छोटा कॅमेरा घेऊन.

"जांभ्यात असं होतं," ते सांगत होते. "वरचं कवच कठीण, खाली मऊ माती. पाणी वर्षानुवर्षं ती माती वाहून नेतं आणि कवच तसंच राहतं. पण एवढी मोठी पोकळी? मी तीस वर्षांत ऐकलेली नाही. असली तर, मयेकर, मी निवृत्ती पुढे ढकलतो!"

ओवी पुढे बसली होती. घाटाचं एक वळण गेल्यावर ती हळूच म्हणाली, "कमळमावशीला काढलंस कालच्या संध्याकाळच्या खेळातून."

"तूच म्हणालीस ना, मेली होती."

"मी सगळ्यांबद्दलच..."

"आवाज आईचा होता," इंद्रनील रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "गेल्या पावसाळ्यात गेली ती. तुला कोणी कळवलं नसेल. तिच्या जुन्या ध्वनिफितींवरून मावशीचं बोलणं केलं होतं. मला माहीत होतं गं, भोक आहे ते. मला फक्त एकदा तिनं घरात वावरलेलं बघायचं होतं."

ह्या माणसाच्या आईच्या हातची आंबोळी तिनं शाळेत असताना कितीदा खाल्ली होती. काल शंभर माणसांसमोर ती कमळमावशीवर हसली होती.

"मला फोन करायचास," ती शेवटी म्हणाली.

"हो. करायला हवा होता."

सड्यावर पोचल्यावर त्यांनी सिनेमातलीच जागा शोधली. करवंदीची जाळी खरोखर होती. मुकादमांनी कोयत्यानं फांद्या दूर केल्या. खाली हाताच्या पंज्याएवढी रुंद भेग होती, पालापाचोळ्यानं तोंड झाकलेली. ओवीनं जवळच्या बाटलीतलं पाणी ओतलं. तिघंही कान लावून ओणवी झाली. पाणी गेलं, आणि बराच वेळ काही नाही. मग खूप खालून आवाज आला, थेंब पाण्यावर पडल्याचा.

मुकादमांनी दोराला कॅमेरा बांधला आणि खाली सोडला. हातातल्या छोट्या पडद्यावर आधी लाल दगड सरकत राहिला, मग दगड संपला. दिव्याचा झोत अंधारात जाऊन हरवला. कॅमेरा गोल फिरला तेव्हा एक भिंत उजळली, मग दुसरी, फार लांब. छतातून झाडांची मुळं केसांसारखी लोंबत होती. तळाशी काळं, स्तब्ध पाणी पसरलं होतं आणि त्यात त्यांच्याच दिव्याचा ठिपका.

"या अल्लाह," मुकादम पुटपुटले.

ओवी रडत होती आणि हसतही होती. तिनं इंद्रनीलचा दंड घट्ट धरला होता. तेवढ्यात कातळावरून घरघर ऐकू आली. चाळीस टनांची पिवळी क्रेन घाटाच्या तोंडातून सड्यावर चढत होती.

*

सरपंच रेश्मा धनावडे खुर्च्या मांडणाऱ्या साठ-सत्तर माणसांच्या मधोमध उभी होती. तीन महिने ह्या एका संध्याकाळसाठी तिनं गाव हलवलं होतं. प्रत्येक घरानं पाहुण्यांसाठी खोल्या सारवल्या होत्या. बायकांच्या गटानं घावन-रस्स्याच्या चुली मांडल्या होत्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ओवीकडे वळली.

"मॅडम, काल तुम्हीच ह्याच्या सिनेमाची धिंड काढलीत. गावात सगळ्यांनी बघितलंय. तुम्हीच म्हणालात, जांभा असा वाजत नाही. आज म्हणताय, त्याच सिनेमावर विश्वास ठेवा आणि सगळं गुंडाळा?"

"हो ताई," ओवी म्हणाली. "कारण काल मी चुकले."

"रेश्माकाकी, भेगेतून कॅमेरा सोडलाय, तू स्वतः बघ," इंद्रनील म्हणाला.

"गुहा असेल रे इंद्रा. पण ह्या सड्यावरून माझ्या आजोबांच्या बैलगाड्या गेल्यात. उद्या अख्खा जिल्हा येतोय तुझ्या आईच्या गावात. एका सुरावर मी..."

ओवीच्या हातातला पडदा कंप पावला. उद्याच्या प्रक्षेपणासाठी जुना काचेचा धागा पुन्हा जोडला होता आणि इंद्रनीलनं निघण्याआधीच तो धरित्रीशी जोडून दिला होता. सड्याचा सूर आता प्रत्यक्ष दिसत होता. क्रेन पोकळीच्या कडेवर आली होती. दहा होते तिथं साडेनऊ. मग नऊ.

"छत वाकतंय," मुकादम म्हणाले. "सूर उतरतोय म्हणजे भेगा उघडतायत."

"थांबवा क्रेन!" रेश्मा ओरडली. पण चालकाच्या कानांवर आवाजरोधक होते. तो पुढेच येत होता. खुर्च्या मांडणारी माणसं नुसती बघत होती. मुकादम "मागे व्हा, मागे व्हा" म्हणत होते, पण हे पांढऱ्या केसांचे गृहस्थ कोण, हे कोणाला माहीत नव्हतं.

रेश्माच्या हातात ध्वनिक्षेपक होता. ओवीनं तो घेतला.

"मी ओवी मयेकर, 'चाळण'!" कर्ण्यांतून तिचा आवाज सड्यावर घुमला. माणसांनी माना वळवल्या. ह्या आवाजाला तिथं सगळेच ओळखत होते. "काल मी सतरा भोकं सांगितली. त्यातलं अकरावं भोक नव्हतं. सिनेमा बरोबर होता, मी चूक होते. तुम्ही उभे आहात तिथं खाली पोकळ आहे. हातातलं टाका आणि घाटाच्या रस्त्याकडे चला. पळू नका, धक्काबुक्की नको. पण आत्ता, ह्या क्षणी!"

क्षणभर कोणी हललं नाही. मग एका माणसानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि चालू लागला. त्याच्यामागे सगळे. रेश्मा घाटाच्या तोंडाशी धावली आणि येणाऱ्या ट्रकसमोर हात पसरून उभी राहिली.

"आठ," ओवी म्हणाली. "इंद्रा, आठ!"

इंद्रनील तिच्याजवळ नव्हता. तो क्रेनकडे धावत होता.

"यंत्र सोड!" मुकादम मागून ओरडले. "माणूस आण!"

इंद्रनील केबिनच्या पायरीवर चढला आणि त्यानं काचेवर मुठी आपटल्या. चालकानं दचकून क्रेन थांबवली. दार उघडलं. दोघांचं काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण चालकानं खाली कातळाकडे पाहिलं. पुढच्या चाकापासून एक बारीक रेघ सरसरत निघाली होती, कोणी खडूनं ओढावी तशी. दोघांनी उड्या मारल्या.

ओवी आकड्याकडे बघत नव्हती. ती त्या दोन धावणाऱ्या माणसांकडे बघत होती. साठ पावलं, पन्नास, तीस. चालक अडखळला. इंद्रनीलनं त्याला काखेत धरून उचललं.

ते कडेच्या घट्ट कातळावर पोचले आणि मागे सडा बसला. आवाज फार मोठा नव्हता. एखादं मोठं जनावर श्वास सोडून खाली बसावं तसा. क्रेनचा पिवळा दांडा आधी कलला, मग सरळ खाली गेला. लाल धूळ ताडाएवढी वर उठली. धूळ खाली बसली तेव्हा सड्याच्या मध्यावर चाळीस पावलं लांबीची उघडी जागा होती आणि दुपारचं ऊन, कोण जाणे किती हजार वर्षांत पहिल्यांदाच, आत पडत होतं.

मोजणी झाली. सगळी माणसं होती. रेश्मानं दोनदा मोजली.

इंद्रनील कातळावर बसून धापा टाकत होता. ओवी त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"तुला कोणी सांगितलं होतं जायला?"

"तू सूर सांगत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, वेळ आहे."

*

रविवारचा खेळ झाला. गावानं एका दिवसात सगळं खाली बंदराच्या वाळूवर हलवलं. पडदा दोन गलबतांच्या डोलकाठ्यांना बांधला. सहा हजारांच्या जागी नऊ हजार माणसं आली.

सकाळी इंद्रनीलनं ओवीला विचारलं होतं, "कोणती प्रत लावू?" ती म्हणाली होती, "शुक्रवारची, सकाळी नऊची. सगळ्या भोकांसकट." मग ती म्हणाली, "भोकं मला आवडतात रे. म्हणून तर शोधते. पण त्यातली काही तू ठेवलेली असतात, हे मला कळायला हवं होतं."

पाहुणा जेटीवरून उडी मारून पोहला, नऊ हजार माणसं हसली. कमळमावशी सोलकढी घेऊन बाहेर आली. गावातल्या जुन्या बायकांनी इंद्रनीलच्या आईचा आवाज ओळखला. "शालिनीच गो ही," पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं. इंद्रनील पडद्यामागे उभा होता. ओवी तिकडे गेली नाही. थोडा वेळ त्याला एकट्याला राहू द्यावं, असं तिला वाटलं.

खेकडा चालला तेव्हा मात्र सगळे उभे राहिले. धम्म. धम्म. धम्म. लोकांनी शिट्ट्यांनी बंदर डोक्यावर घेतलं.

*

सोमवारी सकाळी मुकादमांनी खचलेल्या जागेभोवती दूरवर दोर बांधून सगळ्यांना मागे ठेवलं. क्रेन पडली तिथून लांब, करवंदीच्या जाळीजवळ मात्र छत जाड होतं. तिथली भेग त्यांनी फोडून थोडी रुंद करून घेतली, आणि अरुंद डबा बांधून दोर आत सोडला. इंद्रनील आणि ओवी दोर ओढत होते. वाळूवरच्या कामानं दोघांच्याही तळहातांना फोड आले होते.

डबा वर आला. पाणी इतकं नितळ की डब्याचा तळ दिसत होता. मुकादमांनी एक नमुना बाटलीत भरून घेतला. "तपासणी होईपर्यंत कोणी पिऊ नका," ते म्हणाले.

रेश्मा धनावडे गुडघे टेकून बसली होती. खारदेवण्यात मार्च उजाडला की टँकर येतो, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. टँकर आला नाही की बायका घाट उतरून तीन किलोमीटर खाली जात. तिची आई गेली होती, ती स्वतः गेली होती, आता तिची सून जात होती. तिनं डब्यात बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

"खारट?" इंद्रनीलनं विचारलं.

रेश्मानं नाही म्हणून मान हलवली. तिनं पूर्ण ओंजळ भरली आणि मुकादमांकडे न बघता पिऊन टाकली. मग मागे वळून, दोराबाहेर उभ्या असलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"गोड आहे!"

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ओवीनं डबा पुन्हा भेगेच्या तोंडाशी ठेवला. इंद्रनीलनं दोर सैल केला. दोघांच्या हातांतून तो सरसर खाली जात राहिला.